नायक आपला वाटला नाही, तर?



युनियनच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले, की तो बोनस, किमान वेतन आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असा लोकांचा समज असतो. तो चुकीचा नाही; आयुष्याची तीस वर्षे मी त्याच विषयांवर बोलत आलो आहे. पण आज मला एका कादंबरीविषयी आणि तिच्या निमित्ताने वाचनातल्या एका अडचणीविषयी बोलायचे आहे. मी प्राध्यापक नाही. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर झालेले आहे. तेव्हा शास्त्रार्थात काही उणे राहिले, तर ते आपण पदरात घ्यावे.

आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी सकाळी कामगारांच्या मुलांसाठी वाचनवर्ग भरतो. एका रविवारी वर्ग सुटल्यावर अकरावीतली एक मुलगी मागे राहिली. तिने पिशवीतून एक इंग्रजी पुस्तक काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "काका, सगळे म्हणतात हे पुस्तक आमच्या वयाच्या मुलांचं आहे. मी दोनदा वाचलं. मला तो मुलगा आपला वाटलाच नाही. उलट त्याचा रागच आला. म्हणजे मला पुस्तक कळलं नाही का?"

त्या मुलीचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा झाला होता. ज्या पुस्तकाची जग स्तुती करते, ते आपल्याला भिडले नाही, तर दोष आपलाच, असे तिने धरून चालले होते. मी तिला लगेच उत्तर दिले नाही, कारण तेच पुस्तक वाचून माझेही एकदा तसेच झाले होते, आणि त्याची किंमत मी पुढे वेगळ्याच ठिकाणी मोजली होती. तिला जे उत्तर नंतर दिले, तेच आज जरा सविस्तर आपल्यापुढे मांडतो.

पुस्तकाचे नाव 'द कॅचर इन द राय'. लेखक जे. डी. सॅलिंजर, अमेरिकन. जन्म १९१९, मृत्यू २०१०. हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात सैनिक होता आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजांत होता. कादंबरी प्रसिद्ध झाली १९५१ साली. ती त्याने मोठ्या माणसांसाठी लिहिली होती. पण पुढे सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांनी ती आपली म्हणून उचलून धरली. अमेरिकेतल्या शाळांत ती नेमली गेली, आणि भाषेवरून व विषयावरून कित्येक शाळांतून तिला विरोधही झाला. तरुण मुलांसाठी म्हणून आज जी कादंबऱ्यांची वेगळी फळी मांडतात, तिच्या थोरल्या भावासारखे हे पुस्तक आहे.

ज्यांनी ते वाचले नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. होल्डन कॉलफील्ड हा सोळा वर्षांचा मुलगा. बाप न्यूयॉर्कमधला बड्या कंपन्यांचा वकील. मुलगा पेन्सिल्व्हेनियातल्या एका महागड्या वसतिगृहाच्या शाळेत. पाच विषयांपैकी चारांत तो नापास होतो आणि शाळा त्याला काढून टाकते. याआधीही त्याच्या शाळा सुटलेल्या आहेत. नाताळची सुटी लागायला चार दिवस असताना तो रात्रीच शाळा सोडतो आणि घरी न जाता न्यूयॉर्कमध्ये भटकतो. हॉटेलात उतरतो, टॅक्सीतून हिंडतो, दारू पितो, जुन्या ओळखीच्यांना फोन लावतो आणि प्रत्येकाला ढोंगी ठरवतो. शेवटी दहा वर्षांची धाकटी बहीण फीबी त्याच्याबरोबर निघून जायला सामान घेऊन येते, तेव्हा त्याचा पळून जाण्याचा बेत ढिला पडतो. ही सगळी हकीकत तो पुढच्या वर्षी, एका विश्रांतीच्या ठिकाणी उपचार घेत असताना, स्वतःच्या तोंडाने सांगतो.

हे पुस्तक मी प्रथम वाचले १९९८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, शेजारी शब्दकोश ठेवून. मला तो मुलगा मुळीच आवडला नाही. का आवडला नाही, हे सांगायचे तर थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे वडील मुंबईत गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. संप कोणत्या दिवशी संपला, असे आमच्या घरात कुणाला सांगता येणार नाही, कारण आमच्यापुरता तो कधी संपलाच नाही. वर्ष-दीड वर्षाने बिऱ्हाड उचलून आम्ही इचलकरंजीला मामाच्या आश्रयाला आलो आणि मी एका यंत्रमागाच्या खोलीत कांड्या भरू लागलो. शाळा सातवीनंतर सुटली. ती मी सोडली नव्हती. तिनेच मला सोडले होते. पुढे रात्रशाळेतून मॅट्रिक झालो तेव्हा मला चोविसावे वर्ष लागले होते.

आता अशा माणसाच्या हाती हे पुस्तक पडले. त्यातल्या मुलाला शाळा नकोशी झाली आहे. आजीकडून येणारे वाढदिवसाचे पैसे त्याच्या खिशात खुळखुळत आहेत. नव्वद डॉलरांचा टाइपरायटर तो वीस डॉलरांना देऊन टाकतो. मी दर चार पानांनी पुस्तक मिटत होतो आणि मनात म्हणत होतो, 'बाळ, एक पाळी माझ्या खोलीत येऊन काढ, मग जगाच्या ढोंगाविषयी बोल.' पुस्तक मी पुरे केले ते केवळ हट्टाने. आणि आमच्या त्या वेळच्या भित्तिपत्रकात त्यावर चार ओळी खरडल्या, की श्रीमंतांच्या पोरांच्या दुखण्याला साहित्य म्हणण्याची ही पद्धत आहे.

श्रोतेहो, त्या चार ओळी सर्वस्वी खोट्या होत्या असे मी आजही म्हणणार नाही. पण माझ्या आणि होल्डनच्या मध्ये जे अंतर पडले होते, ते एकाच जातीचे आहे अशी माझी समजूत होती, ती चुकीची होती. त्या अंतराचे निदान तीन प्रकार आहेत, आणि कुठलेही पुस्तक वाचताना ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिले अंतर परिस्थितीचे. देश, काळ, पैसा, भाषा, रीतिभाती यांचे. १९४० नंतरच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलांची बोली, त्यांचे नाचाचे क्लब, त्यांची वसतिगृहे ही आपल्या अनुभवात नाहीत. हे अंतर दिसायला सर्वांत मोठे, पण तोडायला सर्वांत सोपे. थोडी माहिती, थोडा धीर एवढ्यावर ते पुष्कळ कमी होते. उलट परिस्थिती जवळची असली म्हणजे नायक जवळचा होतो, असेही नाही. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. समीक्षकांनी या दोन पुस्तकांना अनेकदा शेजारी बसवले आहे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आपल्याच मराठीत बोलतो, खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. तरी बापाच्या पैशांवर पुण्यात दिवस घालवणारा हा मुलगा अनेक वाचकांना, विशेषतः हाल काढून शिकलेल्यांना, परकाच वाटला. तेव्हा नकाशावरचे अंतर आणि मनातले अंतर ही दोन वेगळी असतात.

दुसरे अंतर वाचकाच्या स्वतःच्या दुःखाचे. हे दिसत नाही, कारण ते आपल्याच डोळ्यात असते. याचा विचार आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात किती बारकाईने केला आहे, हे मला पुष्कळ उशिरा, वाचनालयातल्या मराठी पुस्तकांवरून कळले. काश्मीरच्या भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. नाटकातला शोक हा अमक्या राजाचा राहत नाही आणि प्रेक्षकाचा खाजगीही राहत नाही; तो सर्वांचा होतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. त्याच्यामागून, हजार वर्षांपूर्वी, अभिनवगुप्ताने याचा पुढे विस्तार केला आणि रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांत एक विघ्न असे, की समोरची गोष्ट संभवनीयच वाटत नाही. दुसरे असे, की ही गोष्ट माझी की परक्याची, या जागेची की त्या काळाची, यातच मन अडकून बसते. आणि आणखी एक असे, की प्रेक्षक आपल्या स्वतःच्या सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो, की समोरच्यासाठी त्याच्या मनात जागाच उरत नाही.

हे तिसरे विघ्न वाचले आणि मी थांबलो. मी होल्डनची हकीकत वाचतच नव्हतो. मी माझ्या सुटलेल्या शाळेची हकीकत वाचत होतो आणि त्या मुलाला तिच्या आड येणारा चोर समजत होतो. ज्या कोर्टात फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असतो, तिथे आरोपीचे काय होते, हे युनियनवाल्याला सांगायला नको. मालकाने नेमलेल्या खातेनिहाय चौकशा मी आयुष्यभर पाहिल्या आहेत.

तिसरे अंतर मात्र ना परिस्थितीचे, ना वाचकाचे. ते लेखकाने हेतुपुरस्सर ठेवलेले असते. होल्डन आपल्याला सगळे सांगतो, पण जे सर्वांत दुखते ते आडवळणाने सांगतो. त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅली अकरा वर्षांचा असताना रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आहे. ही गोष्ट आपल्याला कळते कशी? खोलीतल्या जोडीदाराला निबंध लिहून द्यायचा असतो, आणि हा लिहितो भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर, ज्यावर त्या पोराने हिरव्या शाईने कविता उतरून ठेवलेल्या असतात. भाऊ गेला त्या रात्री याने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या. हात अजून पावसात दुखतो आणि मूठ नीट वळत नाही. एवढी मोठी गोष्ट हा जाता जाता, दुसऱ्याच कशाविषयी बोलताना सांगून टाकतो. मग पुन्हा टवाळी सुरू. आपण खोटे बोलण्यात पटाईत आहोत असेही तो स्वतःच सांगतो. अशा निवेदकाचे प्रत्येक वाक्य खरे मानले, तर तो उद्धट वाटतो. तो काय बोलतो आणि काय करतो हे वेगवेगळे मांडले, तर मात्र हिशेब बदलतो. तोंडाने तो जगाला ढोंगी म्हणत असतो. हाताने तो न्याहारीच्या टेबलाशी भेटलेल्या दोन गरीब जोगिणींना दहा डॉलर देत असतो आणि टॅक्सीवाल्यांना विचारत असतो, की हिवाळ्यात तळे गोठले म्हणजे त्यातली बदके कुठे जातात.

येथे कोणी विचारील, की ही सगळी खटपट करून शेवटी नायकाशी एकरूप व्हायचेच ना? मला वाटते, नाही. आणि याबाबतीत आपल्या मराठीतच एक चांगला विचार होऊन गेला आहे. १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. वाचताना आपण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले स्वतःचे भान सोडत नाही. एकाच वेळी आपण तोही असतो आणि आपणही असतो, आणि वाङ्मयाचा आनंद या दुहेरीपणात आहे. म्हणजे थोडे अंतर हा वाचनातला बिघाड नव्हे. ती वाचनाची अटच आहे. जर्मन नाटककार ब्रेख्त तर आपल्या प्रेक्षकाने पात्रात विरघळून जाऊ नये म्हणून मुद्दाम युक्त्या योजीत असे. विरघळलेला माणूस विचार करीत नाही, आणि त्याला विचार करणारा प्रेक्षक हवा होता.

अंतर अजिबात उरले नाही, तर काय होते, याचे एक भयंकर उदाहरण याच पुस्तकाच्या इतिहासात आहे. ८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध गायक जॉन लेनन याचा त्याच्या घराच्या दारात खून झाला. खुनी पळाला नाही. तो तेथेच 'द कॅचर इन द राय' वाचत थांबला. त्या प्रतीवर त्याने, हे आपले निवेदन आहे, अशा अर्थाचे लिहून होल्डन कॉलफील्डच्या नावाने सही केली होती. त्याचे मन आधीच बिघडलेले होते. दोष पुस्तकाचा नव्हे. पुस्तकातला होल्डन तर कुणालाच मारत नाही; मारामारीत तोच मार खातो. पण 'मीच तो' असे म्हणणाऱ्याला त्या नायकाची एवढी साधी गोष्टही दिसली नाही. ती मुलगी म्हणाली, 'तो मला आपला वाटला नाही.' मी म्हणेन, पोरी, निदान तू त्याला पाहिलेस तरी.

तर मग एकरूपता नको आणि तिटकाराही नको. मधली जागा कोणती? ती मला पुस्तकाने दाखवली, पण त्याआधी मी एक मोठी चूक करून बसलो होतो. ती सांगितल्यावाचून हे बोलणे अपुरे राहील.

२००३ साली आमच्याकडे एका कारखान्यातल्या ४३ माणसांच्या थकबाकीचे प्रकरण होते. तिथे हजेरीपट दोन होते, एक सरकारी तपासनिसाला दाखवायचा आणि एक खरा. खरा हाती लागत नव्हता. त्याच सुमारास त्या कारखान्याच्या हापिसातला एक तरुण कारकून आमच्या कचेरीत येऊ लागला. बी. कॉम. झालेला, मालकाच्या नात्यातला, चांगली मोटारसायकल, चांगले बूट. एका आठवड्यात तीनदा आला. दर वेळी खुर्चीत बसून चहा पिई आणि साऱ्या जगाची निंदा करी. मालक लबाड, साहेब लबाड, पुढारी लबाड आणि युनियनवालेही त्यातलेच. का आलो ते सांगत नसे. मी मनात म्हटले, हे खात्यापित्या घरचे पोर आपली करमणूक करून घेते आहे, नाहीतर मालकाने पाठवलेला हेर आहे. तिसऱ्या वेळी मी त्याला चार माणसांत बोललो, "बाबा रे, तुझं पोट भरलेलं आहे. इथं भुकेल्यांची कामं चालतात." तो उठून गेला. पुन्हा आला नाही.

पुराव्याअभावी आमचा दावा पडला. ४३ माणसांचे पैसे बुडाले. त्यांतल्या दोघांनी त्या वर्षी मुलींची लग्ने मोडलेली मी पाहिली. वर्षभराने मला त्याच कारखान्यातल्या एका वृद्ध मुकादमाकडून कळले, की खरा हजेरीपट महिनाभर त्या पोराच्या घरी होता. तो द्यायला येत होता आणि द्यायचे धैर्य गोळा करीत होता. त्याची ती सगळी निंदा म्हणजे दार ठोठावणे होते. मी आवाज ऐकला, पण दार उघडले नाही.

२०१० च्या जानेवारीत सॅलिंजर वारल्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि मी ते पुस्तक वाचनालयातून पुन्हा आणले. या वेळी पंधराव्या प्रकरणात अडकलो. त्या दोन जोगिणींच्या स्वस्तातल्या सुटकेसी पाहून होल्डनला एक जुनी आठवण येते. पूर्वीच्या एका शाळेत डिक स्लॅगल नावाचा मुलगा त्याचा खोलीतला जोडीदार होता. होल्डनच्या सुटकेसी उंची कातड्याच्या. डिकच्या अगदी साध्या. डिक आपल्या सुटकेसी फळीवर न ठेवता पलंगाखाली सरकवून ठेवी, दोघांच्या शेजारी शेजारी दिसू नयेत म्हणून. होल्डनला याचे फार वाईट वाटले. त्याने आपल्याही सुटकेसी पलंगाखाली ढकलल्या. तर डिकने त्या काढून पुन्हा फळीवर ठेवल्या. का? तर येणाऱ्याजाणाऱ्याला त्या डिकच्या वाटाव्यात म्हणून! आणि हाच डिक होल्डनच्या वस्तूंना भांडवलदारी म्हणून हिणवीत असे. पहिल्यांदा ते थट्टेत होते, पुढे थट्टा उरली नाही. दोन महिन्यांत दोघांनीही खोली बदलून मागितली. पण होल्डनला नंतर त्याची आठवण येत राहिली, कारण गडी विनोदी होता आणि दोघांचे कधी कधी छान जमत असे.

श्रोतेहो, वर्गभेदावर मी बरीच जाडजूड पुस्तके वाचली आहेत. पण दोन मुलांच्या मध्ये पैसा कसा येऊन बसतो, आणि त्याने दोघेही कसे एकटे पडतात, हे इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेले नाही. १९९८ साली हे पान माझ्या डोळ्याखालून गेलेले असणारच. तेव्हा ते दिसले नाही, कारण मी स्वतः डिक स्लॅगल होतो. समोरच्याच्या सुटकेसींकडे बघण्यात माझा सारा वेळ गेला. त्या कारकुनाच्या बाबतीतही मी त्याचे बूट पाहिले. त्याचे हात पाहिले नाहीत.

याचा अर्थ होल्डन मला आपला वाटू लागला, असा नाही. तो आजही मला परकाच आहे. त्या हॉटेलात पासष्टीचा एक म्हातारा त्याचे सामान वाहून आणतो. होल्डनला त्याची कीव येते, या वयात लोकांच्या पेट्या वाहायच्या आणि बक्षिशीची वाट पाहायची, असा विचार त्याच्या मनात येतो. पण तो त्याच्याशी त्याविषयी दोन शब्द बोलत नाही. मी तिथे असतो, तर त्या म्हाताऱ्याला पगार किती आणि पेन्शन आहे का, हे आधी विचारले असते. हा आमच्यातला फरक आहे आणि तो राहणार. पण फरक राहूनही त्याचे ऐकता येते, ही गोष्ट मी शिकलो. माझ्या धंद्यात तिला फार मोल आहे. एकी ही सारख्या माणसांची नसते. सारख्या माणसांना एकीची शपथ घ्यावी लागत नाही. जॉबर आणि कांडीवाला, कायम आणि कंत्राटी, गावचा आणि परप्रांतातून आलेला, यांना एका सतरंजीवर बसवायचे असते. तिथे 'तू माझ्यासारखा आहेस का?' हा प्रश्न उपयोगी पडत नाही. 'तुला काय दुखते?' हाच प्रश्न उपयोगी पडतो.

दुसरी बाजूही सांगतो. आमच्या वाचनवर्गात 'द आउटसायडर्स' ही कादंबरी फार आवडते. एस. ई. हिंटन या मुलीने ती शाळेत असतानाच लिहायला घेतली आणि १९६७ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यातला चौदा वर्षांचा पोनीबॉय गरीब वस्तीतला, आईबाप अपघातात गेलेले, थोरला भाऊ डॅरी कॉलेजचा विचार सोडून छपरे घालण्याच्या कामाला जाणारा. ही माणसे मला पहिल्याच पानापासून घरची वाटली. पण डॅरी मला इतका आपला वाटला, की धाकट्याशी तो किती कठोर वागतो, हे मी पाहूनही न पाहिल्यासारखे केले. आपल्या माणसाला आपण प्रश्न विचारत नाही. परक्याला विचारतो. म्हणून दोन्ही प्रकारची पुस्तके वाचावीत.

आता त्या मुलीला मी काय सांगितले ते सांगतो, म्हणजे आपल्यापैकी कुणाची तीच अडचण असेल, तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट, नायक आवडलाच पाहिजे अशी सक्ती नाही. आवडला नाही हे मोकळेपणाने म्हणावे, लाजू नये. दुसरी गोष्ट, राग नेमका कोणत्या पानावर आला, तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि स्वतःला विचारावे, की हा राग त्या मुलावरचा आहे, की माझ्या घरातली एखादी गोष्ट इथे वर आली आहे? तिसरी गोष्ट, नायक काय बोलतो आणि काय करतो, हे कागदाच्या दोन बाजूंना लिहून पाहावे. चौथी गोष्ट, नायकाशी जमत नसेल, तर पुस्तकातल्या दुसऱ्या कोणाचा तरी हात धरून आत जावे. फीबीचा, डिकचा, त्या म्हाताऱ्या हमालाचा. पुस्तकाला पुढचे दार असते तसे मागचेही असते. आणि एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर पुस्तक खुशाल ठेवून द्यावे. सगळीच पुस्तके चांगली नसतात, आणि चांगले पुस्तकही प्रत्येक वयाला फळत नाही. मला बारा वर्षे लागली.

त्या मुलीने ते सगळे ऐकून घेतले आणि पुस्तक घेऊन गेली. तीन आठवड्यांनी परत आली. म्हणाली, "काका, तो अजून मला आवडत नाही. पण रागाची खूण मी कुठं केली, माहीत आहे? तो शाळा सोडतो तिथं नाही. फीबी सामान घेऊन येते, तिथं. माझा भाऊ पुण्याला कामाला गेला, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

मी तिला म्हटले, तुला पुस्तक कळले आहे. इतके कळले आहे, की आता भावाला एक पत्र लिही.

तो कारकून आता कोठे आहे, मला ठाऊक नाही. मी शोध केला होता. त्या कुटुंबाने गाव सोडले, एवढेच कळले. तेव्हापासून आमच्या कचेरीत एक रीत मी घालून दिली आहे. कोणीही आत आला आणि कारण न सांगता जगाची निंदा करीत बसला, तर त्याला दुसरा चहा द्यायचा आणि बसू द्यायचे. कार्यकर्ते हसतात. पण रीत पाळतात.